रेपेचाज म्हणजे डबल नॉकआउट नव्हे

"सर, पोरगा हरला. पण डबल चान्स आहे ना?"

ठाण्यात 15 वर्षांखालच्या मुलांची एक निमंत्रित कुस्ती स्पर्धा होती आणि मी ड्रॉच्या, म्हणजे कोण कुणाशी लढणार ते मांडणाऱ्या टेबलावर बसलो होतो. विचारणारे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी काम करणारे, मूळचे साताऱ्याकडचे. रात्रपाळी उरकून, घरी न टेकता, पोराला घेऊन आलेले. पोरगा 48 किलोत पहिल्याच फेरीत 5-4 असा गेला होता. शेवटच्या दहा सेकंदांत समोरच्यानं एकेरी पट काढला आणि दोन गुण गेले.

मी म्हणालो, "दादा, चान्स आहे, पण त्याला अट आहे." अट ऐकून ते गोंधळले, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. सकाळी माइकवरून आम्हीच सांगितलं होतं की स्पर्धा डबल नॉकआउट पद्धतीनं होईल. टेबलावरच्या कागदावर मात्र रेपेचाज होतं. हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, अगदी जाणत्या वस्तादांकडूनही. दोन्हीत हरलेल्याला पुन्हा गादीवर यायची संधी मिळते, एवढंच साम्य. ती कुणाला मिळते आणि कशामुळे मिळते, हे विचारलं की दोन्ही वाटा पार वेगळ्या होतात.

रेपेचाज हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ पाण्यातून पुन्हा बाहेर काढणं. जागतिक कुस्ती संघटनेच्या स्पर्धांत सध्याच्या रूपात ही पद्धत 2005 पासून चालते. आधी सरळ बाद पद्धतीनं लढती होतात आणि दोन अंतिम पैलवान ठरतात. मग मागे वळून पाहायचं की या दोघांनी वाटेत कुणाकुणाला हरवलं. तेवढ्यांनाच पुन्हा बोलावायचं. पहिल्या फेरीत हरलेला आधी उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्याशी लढतो, त्यातला विजेता उपांत्य फेरीत हरलेल्याशी कांस्यासाठी भिडतो. दोन्ही बाजूंना असंच, म्हणून कांस्यपदकं दोन.

म्हणजे तुमची दुसरी संधी तुमच्या हातात नसते. ज्यानं तुम्हाला पाडलं तो पुढे किती चालतो, त्यावर ती टांगलेली असते.

साक्षी मलिकचं रिओ 2016 आठवून बघा. 58 किलोत ती उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या व्हॅलेरिया कोब्लोव्हाकडून हरली. नंतर कोब्लोव्हा अंतिम फेरीत पोचली, म्हणून साक्षीला रेपेचाज मिळालं. तिथे मंगोलियाच्या पैलवानाला आणि मग कांस्याच्या लढतीत किरगिझस्तानच्या ऐसुलू टिनिबेकोव्हाला 8-5 असं हरवून तिनं पदक आणलं. कोब्लोव्हा उपांत्य फेरीत घसरली असती, तर ते पदक लढायच्या आधीच गेलं असतं. सुशील कुमारचं 2008 चं बीजिंगमधलं कांस्यही तसंच. युक्रेनच्या स्टाडनिककडून सलामीलाच हार, स्टाडनिक अंतिम फेरीत, आणि मग एकाच दिवसात लागोपाठ तीन लढती जिंकून पदक.

पॅरिसला 2024 मध्ये तर याचं फार विचित्र रूप दिसलं. 50 किलोत विनेश फोगाटनं पहिल्या लढतीत जपानच्या युई सुसाकीला आणि पुढे युक्रेनच्या ओक्साना लिवाचला हरवलं. अंतिम फेरीच्या सकाळी वजनावरून विनेश अपात्र ठरली. तिच्याकडून उपांत्य फेरीत हरलेली क्यूबाची पैलवान तिच्या जागी अंतिम फेरीत गेली. त्यामुळे सुसाकी विरुद्ध लिवाच ही रेपेचाजची लढतच कांस्यपदकाची लढत झाली आणि सुसाकीला पदक मिळालं.

डबल नॉकआउटमध्ये मात्र समोरच्याचं पुढे काय झालं याच्याशी तुमचा संबंध नाही. एकदा हरलात की तुम्ही खालच्या फळीत जाता. तिथे पुन्हा हरलात की बाहेर. सोळा जणांत पहिल्या फेरीत हरलेले आठही जण पुन्हा लढतात. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजच्या कुस्तीत हीच चाल आहे, फक्त एक फरक ठेवून: एकदा हरलेला तिसरा येऊ शकतो, पहिला नाही. पूर्ण डबल नॉकआउटमध्ये खालून वर चढत आलेला थेट पहिल्या क्रमांकासाठीही भिडू शकतो. कुस्तीत हे पूर्ण रूप फारसं चालत नाही, आणि पोरांच्या कुस्तीत चालूही नये. एका दिवसात तेवढ्या लढती ते वय सोसत नाही.

आता त्या दिवशीच्या 48 किलोकडे येऊ. सोळा पोरं. नुसती बाद पद्धत लावली तर 15 लढती. रेपेचाज धरलं तर दोन्ही बाजूंच्या दोन-दोन धरून 19. अमेरिकी पद्धतीची खालची फळी तिसऱ्या क्रमांकापर्यंत चालवली तर 28. आकडे एवढेच, पण त्यात पोरं कुठे आहेत ते बघा. रेपेचाजमध्ये पहिल्या फेरीत हरलेल्या आठांपैकी फक्त दोघांना दुसरी लढत मिळते. सहा जण पहाटे उठून, उपाशीपोटी वजन देऊन, चार मिनिटं लढून घरी जातात. खालच्या फळीत असं एकही पोर उरत नाही, प्रत्येकाच्या वाट्याला किमान दोन लढती येतात.

या सहांपैकी एक आमच्या माथाडी दादांचा मुलगा. त्याला हरवणारा उपांत्य फेरीत गेला, म्हणजे वडील दुपारभर दुसऱ्याच्या पोरासाठी ओरडत होते, कारण तो जिंकला तरच यांचं पोरगं परत गादीवर येणार होतं. उपांत्य फेरीत तो चीतपट झाला. वडील काही बोलले नाहीत. पिशवीतला डबा काढला आणि पोरापुढे उघडला.

त्याच गटात दुसरा एक मुलगा मिनिटाभरात 10-0 असा गेला होता. त्याला हरवणारा मात्र अंतिम फेरीत पोचला. एका गुणानं हरलेला घरी, दहा गुणांनी हरलेल्याला रेपेचाज. नियम पाळूनच हे झालं, आणि मोठ्यांच्या स्पर्धेत त्यामागचा विचार पटतोही. सगळ्यात तगड्या पैलवानाशी सलामीलाच गाठ पडली, तर तो चिठ्ठीचा दोष, पैलवानाचा नव्हे. तेवढाच दोष रेपेचाज दुरुस्त करतं. पण यात एक गृहीतक आहे: ज्यानं तुला हरवलं तोच पुढे हरला, म्हणजे तू त्याच्याहून खालचाच. चौदाव्या वर्षी हे गृहीतक टिकत नाही. कुणाचा पट भारी असतो, कुणाचा बचाव. कुणी दोन महिन्यांत चार बोटं उंच होतो. आज हा त्याला पाडतो, उद्या तो याला. पोरांमध्ये हार ही ताकदीची पायरी दाखवत नाही, त्या दिवसाची जोड दाखवते.

मग सरळ खालची फळीच का लावत नाही? वेळ. 15 वर्षांखालच्या मुलांत फ्रीस्टाइलला दहा वजनगट. प्रत्येकात सोळा पोरं धरली तर रेपेचाजच्या 190 लढती, खालच्या फळीसह 280. लढत दोन-दोन मिनिटांच्या दोन डावांची, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, पण पोरांना बोलावणं, कॉश्च्युम बदलणं, हात उंचावणं धरून सात मिनिटं जातातच. दोन गाद्यांवर रेपेचाजला अकरा तास, खालच्या फळीला सोळाच्या वर. शिवाय पहिल्या फेरीत हरून तिसरं यायचं तर त्या पोराला दिवसात सहा लढती माराव्या लागतात. रेपेचाजमध्ये तीनच. म्हणून सोळाच्या गटाला खालची फळी लावायची असेल तर ती दोन दिवसांत पसरावी, नाहीतर लावूच नये, असं माझं मत.

आपल्याकडे बहुतेक गटांत सोळा पोरं येतच नाहीत, हे खरं. पाच किंवा कमी आले की साखळी लावावी, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत. जागतिक नियमही तेच सांगतो: पाचपर्यंत साखळी, सहा-सात असतील तर दोन गट करून पुढे उपांत्य फेरी, आठपासून वर बाद पद्धत आणि रेपेचाज. पाचांच्या साखळीत दहा लढती होतात, प्रत्येकाच्या वाट्याला चार. पोराला शिकायला याहून चांगला दिवस नाही. तरी काही ठिकाणी पाच पोरांनाही बाद पद्धत लावतात आणि अर्ध्या तासात गट उरकतात. हे मला मनापासून खटकतं.

खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकीचं कांस्य यातल्या कुठल्याच पद्धतीचं नव्हतं, हेही सांगायला हवं. तेव्हा दंडगुण चालायचे. चीतपट मारली तर दंड नाही, गुणांवर जिंकलात तर थोडा, हरलात तर जास्त, आणि ठराविक दंड साठला की बाहेर. जपानच्या शोहाची इशीकडून हरूनही खाशाबा पदकावर राहिले ते त्यामुळे. एका हारेनं पैलवान संपत नाही, हा विचार जुना आहे.

खरी अडचण पदकांपाशी नाही, निवडीपाशी येते. बहुतेक वाद मी तिथेच पाहिले आहेत. पद्धत ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: इथून पुढच्या पातळीवर किती जण जाणार?

एकच जाणार असेल, तर रेपेचाज असो वा खालची फळी, निवडीला काहीच फरक पडत नाही, कारण दोन्हीतून पहिला क्रमांक मिळत नाही. तिथे खरं काम मानांकनाचं, म्हणजे तगड्या पैलवानांना ड्रॉमध्ये आधीच वेगवेगळ्या बाजूंना ठेवण्याचं. गेल्या वर्षीचे अंतिम फेरीतले दोघे एकाच बाजूला आले, तर जिल्ह्यातली सगळ्यात मोठी कुस्ती सकाळी दहालाच लागून जाते.

दोघं जाणार असतील तर गोष्ट नाजूक होते. अंतिम फेरीत हरलेला हा दुसऱ्या क्रमांकाचा पैलवान असेलच असं नाही. विजेत्याशी पहिल्याच फेरीत गाठ पडलेला पोरगा त्याच्याहून सरस असू शकतो, आणि रेपेचाज त्याला जास्तीत जास्त कांस्य देतं. यावर अमेरिकेतल्या काही निवड स्पर्धांत साधा उपाय आहे. तिसरा आलेला फक्त विजेत्याकडूनच हरला असेल आणि दुसऱ्या क्रमांकाशी त्याची लढत झालीच नसेल, तर दोघांची आणखी एक कुस्ती लावायची. जिंकेल तो दुसरा. एका लढतीत शंका मिटते. आपल्याकडे ही लढत सर्रास लावायला काहीच हरकत नाही.

तिघं जाणार असतील तर रेपेचाज उघडं पडतं, कारण ते तिसरा देत नाही, दोन तिसरे देतं. मग कोण जाणार? मी गुणांवरून, वजनावरून, अगदी नाणं उडवूनही निर्णय झालेले पाहिले आहेत. आंतरराष्ट्रीय संघटनेलाही हे कोडं सोडवावं लागलं. पॅरिस ऑलिंपिकसाठी इस्तंबूलला झालेल्या शेवटच्या पात्रता स्पर्धेत प्रत्येक वजनगटात तीन जागा होत्या. दोन अंतिम पैलवानांना, आणि तिसरी दोन कांस्यविजेत्यांच्या आपसातल्या लढतीतून. 2023 च्या जागतिक स्पर्धेत पाच जागा होत्या, तिथे चार पदकविजेते गेले आणि कांस्याच्या लढतीत हरलेल्या दोघांची लढत पाचव्या जागेसाठी लावली. म्हणजे रेपेचाज तसंच ठेवून शेवटी एक लढत जोडली. ती परिपत्रकात आधी छापलेली असली की भांडण होत नाही. संध्याकाळी ठरवली की होतं.

पात्रता या शब्दानंही घोटाळा होतो. ड्रॉमध्ये अकरा पोरं आली तर आठाची फळी पुरी करायला आधी तीन लढती लावतात. सहा पोरं त्या लढतात, पाच जणांना पुढे चाल मिळते. या फेरीला क्वालिफिकेशन म्हणतात. ती जिंकून एका पोरानं घरी फोन केला, "क्वालिफाय झालो," आणि आई समजली की तो राज्याला गेला. टेबलावर तिला पूर्वफेरी म्हणावं, एवढ्यानं भागतं.

रेपेचाजमध्ये एक गोष्ट जपावी लागते, ती म्हणजे हरलेलं पोर हॉलमध्ये थांबवणं. खालच्या फळीत प्रत्येकाला माहीत असतं की आपली अजून एक लढत आहे. रेपेचाजमध्ये सकाळी अकराला हरलेल्याला चारपर्यंत काहीच कळत नाही. तो 10-0 नं हरलेला मुलगा आणि त्याची आई आमची माइकवरची घोषणा न ऐकताच निघून गेले होते. त्याचं नाव रेपेचाजला लागलं तेव्हा मी फोन केला. ते ट्रान्स-हार्बरच्या गाडीत होते, घणसोलीला उतरत होते. आई म्हणाली, "आलोच, थांबवा." समोरच्या प्लॅटफॉर्मवरून ठाण्याची गाडी धरून ते परत निघाले. इकडे नियमाप्रमाणे तीनदा पुकारा झाला, पंचांनी घड्याळ बघितलं आणि दुसऱ्या पोराचा हात वर केला. वीस-पंचवीस मिनिटांनी तो मुलगा कॉश्च्युम घालूनच हॉलच्या दारातून पळत आत आला.

आता आमच्या ड्रॉच्या कागदावर सगळ्यात वर जाड अक्षरांत तीन ओळी असतात. पद्धत रेपेचाज, डबल नॉकआउट नाही. इथून पुढे किती जण जाणार, तो आकडा. आणि हरलेल्यांनी आपल्या बाजूची उपांत्य लढत होईपर्यंत हॉल सोडू नये. वजन घेताना प्रत्येक पोराच्या पालकांना तो कागद मी हातात देतो आणि त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतो.