मासा दिसतो तो कोनामुळे: गरवणाऱ्यांसाठी पोलराइज्ड गॉगल

सकाळी नऊच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी कातळावर उभं राहिलं, की समोरचं पाणी नव्या पत्र्यासारखं चकाकत असतं. हातभर खाली बोयांचा थवा फिरत असला तरी दिसत नाही. साधा काळा गॉगल लावला तर डोळ्यांना बरं वाटतं, पण मासा तरीही दिसत नाही. कारण काळी काच सगळाच प्रकाश सारख्या प्रमाणात कमी करते. पाण्यावरून परतलेला आभाळाचा उजेडही मंदावतो आणि माशाच्या अंगावरून आलेला उजेडही. दोघांमधलं प्रमाण होतं तसंच राहतं, आणि मासा दिसणं त्या प्रमाणावरच अवलंबून असतं.

पोलराइज्ड गॉगल हे प्रमाण बदलतो. प्रकाश ही लहर आहे आणि तिचं कंपन प्रवासाच्या दिशेला काटकोनात होतं. सूर्याकडून थेट येणाऱ्या उजेडात आडवी, उभी, तिरपी अशी सगळी कंपनं मिसळलेली असतात. तोच उजेड पाण्यावरून तिरका परावर्तित झाला, की त्यात आडवी कंपनं फार आणि उभी कमी उरतात. याला ध्रुवण (पोलरायझेशन) म्हणतात. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये एतियेन-लुई मालुस याने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेला मावळतीचा उजेड एका स्फटिकातून पाहिला, तेव्हा परावर्तनामुळे ध्रुवण होतं हे त्याच्या लक्षात आलं. हे कोणत्या कोनात सर्वाधिक होतं, ते १८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर याने नियमात बसवलं. पाण्यासाठी तो कोन लंबापासून ५३ अंश, म्हणजे पाण्याच्या पातळीपासून मोजला तर ३७ अंश. या एका कोनात परतलेल्या उजेडात उभं कंपन अजिबात नसतं.

गॉगलच्या काचेत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची पातळ फिल्म असते. ती ताणलेली असल्यामुळे तिचे लांबलचक रेणू एका दिशेने ओळीत बसतात आणि त्यांच्यावर आयोडीन किंवा रंगद्रव्य चढवलेलं असतं. एडविन लँड याने हा प्रकार १९३८ मध्ये आणला. या साखळ्या आपल्या लांबीच्या दिशेतलं कंपन शोषून घेतात. फिल्मचं काम समजावताना उभ्या गजांच्या कुंपणाचं चित्र काढायची पद्धत आहे. ते दिशाभूल करतं, कारण त्यावरून साखळ्या उभ्या असतात असं वाटतं. आडवी चकाकी शोषायची म्हणून गॉगलमध्ये रेणूंच्या साखळ्या आडव्याच बसवलेल्या असतात.

आता कोनाचा हिशोब, कारण गॉगलबद्दलचा बहुतेक अपेक्षाभंग इथूनच सुरू होतो. पाण्याकडे ३७ अंशांत खाली पाहायचं, तर नजर जिथे पाण्याला टेकते ती जागा डोळ्यांच्या उंचीच्या १.३३ पट दूर असते. म्हणजे उंची अधिक तिचा तिसरा हिस्सा. पाण्यालगत उभं राहून डोळे १.६ मीटरवर असतील, तर गॉगल उत्तम काम करतो तो पायांपासून अवघ्या २.१ मीटरवर. तीन मीटर उंच कातळावर उभे राहिलात तर डोळे ४.६ मीटरवर आणि ती जागा ६ मीटरवर जाते. त्याच्या अलीकडे-पलीकडेही फायदा होतो, पण घटत जातो. सपाट पाण्याला नजर २० अंशांत लागली, तर गॉगलशिवाय आभाळाचा सुमारे १३ टक्के उजेड परततो आणि गॉगल ते प्रमाण जेमतेम ५ टक्क्यांच्या आत आणतो. १५ अंशांत २१ टक्क्यांचे ११ होतात. त्याहून सपाट पाहिलं, तर कितीही महागडा गॉगल पन्नास मीटरवरचं पाणी उघडून दाखवणार नाही. होडीत बसून दूरवर पाहणाऱ्याला हा गॉगल डोळ्यांचा शीण घालवायला हवा; मासा शोधायला उपयोग होतो तो होडीच्या आसपासच. नवा गॉगल घेण्याआधी उभं राहायची जागा हातभर उंच मिळते का, ते आधी पाहावं.

वेळही याच हिशोबात बसते. सूर्य क्षितिजाच्या वर ३७ अंशांवर असतो तेव्हा त्याची पाण्यावरून परतलेली लखलखसुद्धा पूर्ण ध्रुवित असते. कोकणात हे ऋतूनुसार उगवतीनंतर साधारण अडीच ते तीन तासांनी होतं. तरीही सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवलेला बरा, फक्त आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. वाऱ्याने पाणी थरथरत असलं की प्रत्येक लाटेचा उतार वेगळा असतो, म्हणून कोन विस्कटतो आणि मधूनमधून ठिणग्या राहतातच. शिवाय निळं आभाळ स्वतःच अर्धवट ध्रुवित असतं, सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ डोकं दहा-पंधरा अंश डावीकडे-उजवीकडे कलवून पाहावं. एखाद्या बाजूला पाणी एकदम स्वच्छ होतं.

चकाकी गेली तरी प्रकाशाचं वाकणं जात नाही. ३७ अंशांतून पाहताना एक मीटर खोल असलेला मासा जेमतेम ५५ ते ६० सेंटिमीटर खोल भासतो. पाग (फेकून टाकायचं जाळं) टाकणाऱ्याने किंवा माशाच्या पुढ्यात आमिष सोडणाऱ्याने हे धरून चालावं: मासा दिसतो त्यापेक्षा खाली असतो, आणि नजरेची रेघ सरळ तळाकडे नेली तर त्या टोकापेक्षा अर्धा मीटरभर अलीकडे. दुसरी अडचण माशाच्या बाजूची. त्याला पाण्याबाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या ९७ अंशांच्या गोल झरोक्यातून दिसतं. पाण्याच्या पातळीपासून सुमारे १० अंशांपर्यंतचं चित्र त्या झरोक्याच्या कडेला चपटं, पुसट होऊन बसतं. म्हणजे उंचावरून मासा आपल्याला छान दिसतो तेव्हा आपणही त्याला तितकेच छान दिसतो. उंच उभं राहून जागा हेरावी, मग वाकून किंवा बसून गळ टाकावा.

दुकानातली परीक्षा मात्र चेहऱ्यावर गॉगल कसा दिसतो यापुरतीच होते, याचं वाईट वाटतं, कारण पाच मिनिटांत खरा-खोटा कळतो. दुकानातली चकचकीत फरशी किंवा काचेचा काउंटर बघा, ज्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलंय. त्याकडे साधारण ३५ अंशांत खाली पाहा. गॉगल हातात धरून एकाच काचेतून पाहत त्याला घड्याळाच्या काट्यासारखा फिरवा. प्रतिबिंब मावळलं आणि ९० अंशांवर पुन्हा उजळलं, तर फिल्म आहे. एवढ्यावर थांबू नका. गॉगल नाकावर बसतो तसा आडवा असताना प्रतिबिंब सर्वांत मंद दिसलं पाहिजे आणि दोन्ही बाजूंना सारखं कलवल्यावर सारखंच वाढलं पाहिजे. मग हेच दुसऱ्या काचेतून. स्वस्त मालात काच चौकटीत बसवताना वाकडी होते आणि दोन डोळ्यांचे अक्ष, म्हणजे फिल्मच्या दिशा, वेगळे पडतात. १० अंशांचा वाकडेपणा सुमारे ३ टक्के चकाकी आत सोडतो, २० अंशांचा १२ टक्के, ३० अंशांचा २५ टक्के. दोन डोळ्यांना वेगवेगळी चमक दिसली की अर्ध्या तासात डोकं जड होतं.

दुकानदार ‘लपलेलं चित्र’ असलेलं कार्ड दाखवतो. त्यावरून फिल्म आहे इतकंच कळतं. मोबाइलच्या पडद्यासमोर गॉगल फिरवला तर बहुतेक पडदे एका कोनात काळे होतात, पण काही होत नाहीत, म्हणून त्यावर विसंबू नये. होडीवर जीपीएस किंवा मासळी शोधायचं यंत्र असेल, तर त्याचा पडदा गॉगलमधून सरळ पाहताना वाचता येतो ना, ते आधीच तपासा.

अतिनील किरणांचं संरक्षण ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. ध्रुवण फिल्ममुळे ते आपोआप मिळत नाही. उलट काच गडद असेल आणि अतिनील अडवत नसेल, तर काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि तितकेच जास्त किरण आत शिरतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील परत फेकतो. टोपी घातली तरी ते खालून येतात. वर्षानुवर्षं उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत बुबुळावर मांस वाढतं, त्याचा या किरणांशी संबंध आहे. म्हणून ‘यूव्ही ४००’, म्हणजे काच अतिनील अडवते अशी खूण, लिहिलेली हवीच. चष्मेवाल्याकडे मोजायचं यंत्र असलं तर उत्तम. नसलं तर नोटा तपासायचा निळा दिवा चालेल: त्याखाली नोटेचे क्रमांक चमकतात, मध्ये काच धरली की चमक विझली पाहिजे. ही चाचणी ढोबळ आहे. काच नापास झाली तर गॉगल नक्की नको. पास झाली तरी छापील खूण पाहावीच.

गडदपणाचे वर्ग ० ते ४ असे असतात आणि ते बहुधा काडीच्या आतल्या बाजूला छापतात. वर्ग ३ मध्ये ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. समुद्रावर भर उन्हात तो योग्य. वर्ग २ मध्ये १८ ते ४३ टक्के. नदीकाठच्या झाडीत, पहाटे आणि तिन्हीसांजेला तो बरा. वर्ग ४ लावून गाडी चालवायची नाही. चांगल्या पोलराइज्ड काचेतून, वर्ग २ आणि त्यापुढे, उभ्या कंपनाचा उजेड आडव्याच्या निदान आठपट जायला हवा. डोळ्यांच्या गॉगलसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात हीच अट आहे.

रंगाबद्दल वाद फार होतात. एकच गॉगल घ्यायचा असेल तर तपकिरी किंवा तांबूस घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्यात आणि हवेत विखुरलेला निळा उजेड तो कापतो, म्हणून उथळ खाडीत किंवा नदीत वाळू, दगड, शेवाळ आणि माशाची पाठ एकमेकांपासून वेगळी उठून दिसतात. करडी काच रंग बदलत नाही आणि खोल निळ्या समुद्रावर दिवसभर डोळ्यांना शांत वाटते. पिवळी फक्त मंद उजेडासाठी. आरशासारखा निळा-हिरवा मुलामा थोडा उजेड परत फेकतो. त्याचा ध्रुवणाशी काही संबंध नाही. आणि जुलैतल्या गढूळ पाण्यात कोणताच रंग कामाचा नाही, कारण खालून उजेड वरच येत नाही. पाणी नितळलं की, साधारण नोव्हेंबरपासून, या गॉगलचे दिवस सुरू होतात.

काच कशाची, हेही बघावं. गळाला लावलेलं वजन किंवा अडकलेला गळ सुटून चेहऱ्याकडे उसळतो, तेव्हा पॉलिकार्बोनेट हे चिवट प्लास्टिक डोळा वाचवतं. खरी काच फुटते. पॉलिकार्बोनेटवर चरे लवकर पडतात, पण तो सौदा मान्य करावा. स्वस्त गॉगलमध्ये बहुधा ट्रायअ‍ॅसिटेटच्या (हे एक प्लास्टिक) थरांत चिकटवलेली फिल्म असते. पाहायला ती पहिल्या दिवशी उत्तमच असते, पुढे मात्र उष्णता आणि खारं पाणी कडेने आत शिरतं. चौकट कानांकडे वळलेली, बाजू झाकणारी असावी. पाठीमागून आलेला उजेड काचेच्या आतल्या पृष्ठभागावरून डोळ्यात परततो, म्हणून आतून परावर्तनरोधक मुलामा असेल तर फरक पडतो. टोपीच्या कडेची खालची बाजू गडद असली तरी पुष्कळ काम होतं. नंबरचा चष्मा असेल तर नंबरच्याच पोलराइज्ड काचा करून मिळतात. फार वळलेल्या चौकटीत मोठा नंबर नीट बसत नाही, आणि वाचायचा-पाहायचा एकत्र नंबर असेल तर चष्मेवाल्याला अक्ष आडवा राखायला स्पष्ट सांगावं.

घरी आल्यावर गॉगल आधी गोड्या पाण्याखाली धरावा, मगच पुसावा. वाळलेल्या मिठाचे कण शर्टाच्या टोकाने घासले की दोन फेऱ्यांत काच धुरकट होते. सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिशचं रिमूव्हर काचेला लावू नये. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर गॉगल ठेवू नये. मेमधल्या उन्हात थर वेगवेगळे प्रसरण पावतात आणि फिल्म सुटते. काचेच्या कडेला बुडबुड्याची किंवा इंद्रधनुषी डागाची रेघ दिसू लागली की खारं पाणी आत गेलेलं असतं. ती रेघ मधल्या भागाकडे सरकत राहते आणि कोणत्याही डिंकाने थांबत नाही.