मोरकी: अंबाडीच्या वाखापासून नायलॉनपर्यंत

मोबाइलवर व्हिडिओ लावून सहा मिलिमीटरच्या दोराचा ‘रोप हॉल्टर’, म्हणजे घोड्याच्या डोक्याला घालायचा दोराचा साज, बांधायला बसलेल्या पोराला ती वस्तू अमेरिकेची वाटते. शहादा-शिरपूरकडच्या जुन्या घोडेवाल्याला दाखवली तर तो म्हणेल, ही तर मोरकी. थोडं थोडं दोघांचंही खरं आहे.

लगामाचा इतिहास सांगणं सोपं, मोरकीचा अवघड. हाड, कासं, लोखंड मातीत टिकतं, दोर कुजतो. उरल पर्वताच्या दक्षिणेकडे सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे लगामाचे हाडी तुकडे मिळाले आहेत. त्याही आधी कुणीतरी घोड्याच्या डोक्याला नुसता दोर बांधलाच असणार, पण तो दोर आज कुठून सापडायचा?

खानदेशाला घोड्याची ओळख जुनी. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारी मोगलकाळातली वाट नंदुरबारवरून जात होती. पुढं मराठी फौजांची वर्दळ सुरू झाली. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. खोगीर आणि लगामाला कारागीर लागत, पण तळावर घोडा जागेवर धरून ठेवायचं काम दोराचंच असे. मोरकीला अगाडी, म्हणजे पुढचा दोर, बांधून ती मेखांना ताणायची आणि मागच्या पायांना पिछाडीचा दोर. महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, होळकरांना सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडावा लागला आणि खानदेश कंपनी सरकारच्या हाती गेला. शिलेदारीचे दिवस सरले. घोडा मात्र टांग्याला, वरातीला, बाजाराला राहिला. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणारी एकमुखी दत्ताची यात्रा आजही ओळखली जाते ती घोड्यांच्या बाजारासाठीच.

खरी गंमत दोरात आहे. कापूस-ज्वारीच्या शेताच्या कडेनं अंबाडी लावायची पद्धत होती. कोवळ्या पानांची भाजी व्हायची. पीक तयार झालं की ताटं कापून, पेंढ्या बांधून पाण्यात कुजत घालायची. साल सुटायला लागली की ती सोलायची, धुवायची, वाळवायची. तो झाला वाख. पाण्याजवळ उभं राहवत नाही असा वास येतो, आणि भाजीचं कौतुक करणारे ही बाजू सांगत नाहीत. वाखाला पीळ देऊन पदर करायचे आणि पदर उलट्या पिळानं एकमेकांवर वळायचे. एक पीळ सुटू पाहतो तेव्हा दुसरा घट्ट होतो, म्हणूनच दोर उकलत नाही. हे काम गावगाड्यात मातंग समाजाकडे होतं. शेतकऱ्याची दावी, कासरे, नाडे त्यांनी वळायचे आणि मोबदला बलुत्याच्या धान्यात मिळायचा. एवढं कसब असूनही त्यांना गावात मान मिळाला नाही, हेही या दोराच्या इतिहासातच मोडतं.

मोरकीची रचना साधी होती. कानांमागून एक फेर, नाकावर एक फेर, आणि गळ्याकडची गाठ न सरकणारी. तिथं सुरगाठ मारली तर ओढ बसताच फास आवळतो. म्हणून घोडा विकत घेणाराही आधी विचारायचा, “गाठ पक्की शे ना भो?”

अमेरिकेहून आलं ते गाठींचं नवं शास्त्र. तिकडच्या गुराख्यांची परंपरा स्पॅनिश. हनुवटीखाली दोराचे पदर एकत्र आणणारी फियाडोर गाठ त्याच परंपरेतली. १९८०-९० च्या दशकांत घोड्याला दमदाटी न करता शिकवण्याची पद्धत तिकडे लोकप्रिय झाली आणि तिच्याबरोबर हा बारीक दोराचा, कडी-बक्कल नसलेला हॉल्टर जगभर गेला. एका घोड्याला साधारण सात मीटर दोर पुरतो. डाव्या गालावर तो अडकवायची शेवटची गाठ मात्र आपल्याला परकी नाही. विणकर तुटलेला धागा जोडतात तीच ती. धुळ्या-मालेगावच्या मागावर काम केलेल्या माणसाला ती शिकवावी लागणार नाही. दोराचं उरलेलं टोक डोळ्याकडे नाही, मागे जाईल असं ठेवायचं, एवढंच.

दोर नायलॉनचा झाला तिथं मात्र हिशेब बदलला. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. आपल्या आठवडी बाजारात त्याचा दोर आला आणि अंबाडीचं पाण्यात कुजवणं थांबलं. नवा दोर पावसात सडत नाही. पण वाखाचा जुना दोर घोडा बिथरला की कधीतरी तुटायचा, आणि तो दोष नव्हता. नायलॉन तुटत नाही, तुटते ती मान. बारीक दोर रुततोही जास्त. त्यामुळे नाकावरचा फेर गालाच्या हाडाखाली दोन बोटांवर, कणखर हाडावरच बसला पाहिजे. खाली नाकपुड्यांकडे सरकला तर तिथलं हाड पातळ आणि पुढचा भाग मऊ असतो.

बारीक दोराचा हॉल्टर शिकवण्यापुरता, हातात दोर असताना वापरायचा. चरायला सोडताना तो काढूनच ठेवायचा. खुंट्याला बांधायचंच झालं तर खुंटा आणि दोर यांच्यामध्ये सुतळीचा एक वेढा घालायचा. घोड्यानं जीव खाऊन झटका दिला तर सुतळी तुटेल.