संगणकाच्या मागे काय काय खोचलंय?

फोर्टमधल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात टेबलाखाली वाकून सीपीयूची मागची बाजू बघा. कीबोर्ड, माऊस, मॉनिटर आणि लॅनची वायर तर असतेच. शिवाय डिजिटल सहीचं टोकन, बिलं छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची जाड केबल, स्कॅनर, आणि पेन ड्राइव्हसाठी कायम मोकळं ठेवलेलं एक पोर्ट. क्लाउडवरची ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या डेस्कटॉपची जागा घेईल का, हा प्रश्न हल्ली सारखा विचारला जातो आणि त्याचं उत्तर लोक सॉफ्टवेअरच्या यादीत शोधतात. खरं उत्तर या वायरींमध्ये असतं.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. 'क्लाउड ओएस' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. क्रोमबुक २०११ मध्ये बाजारात आलं, पण त्यातली क्रोम ओएस ही लॅपटॉपमध्येच बसलेली लिनक्स आहे. फक्त बहुतेक काम ब्राउझरमधून होतं. दुसरा प्रकार खऱ्या अर्थाने ढगातला. त्यात अख्खं विंडोज किंवा लिनक्स दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या संगणकावर, चालतं आणि तुमच्यापर्यंत येतं ते पडद्याचं चित्र. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ मध्ये विंडोज ३६५ या नावाने ही सेवा सुरू केली. जिओने २०२५ मध्ये सेट टॉप बॉक्सला कीबोर्ड-माऊस जोडून टीव्हीवर चालणारा जिओपीसी आणला. डेस्कटॉपची जागा मागतोय तो हा दुसरा प्रकार, म्हणून इथे त्याचाच विचार करू.

चित्र पाठवायचं म्हणजे किती पाठवायचं? १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली, तर सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिट होतात. एवढी लाइन घरात कोण घेणार? सुटका अशी होते की सर्व्हर फक्त बदललेला तुकडा पाठवतो. तुम्ही 'क' दाबलात की कळीचा क्रमांक तेवढा वर जातो, अक्षर सर्व्हरवर उमटतं, आणि त्या अक्षराभोवतीचा छोटा चौकोन दाबून लहान केलेल्या रूपात परत येतो. म्हणून टायपिंगला जवळजवळ काहीच लागत नाही. पीडीएफ सरकवली की अख्खा पडदा बदलतो, व्हिडिओ लावला की सतत बदलत राहतो. मायक्रोसॉफ्टचा ढोबळ हिशेब असा: हलक्या कामाला सेकंदाला १.५ मेगाबिट, मध्यमाला ३, जड कामाला ५ आणि ग्राफिक्सवाल्याला १५. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचे २ जीबी मिळत असतील, तर १.५ मेगाबिटचा प्रवाह अखंड चालल्यास ते तीन तासांत संपतात. रोजच्या कामाला घरी फायबर हवंच.

पण सगळी जाहिरात ज्या 'स्पीड'ची चालते, तिच्यावर गाडी अडत नाही. अडते ती उशिरावर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटरची, म्हणजे असे सर्व्हर ठेवलेल्या इमारतींची, रांग आहे. दादरहून तिथे जाऊन यायला प्रकाशाला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. वाटेतले राउटर धरून प्रत्यक्षात पाच-दहा मिलिसेकंद होतात. सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर, म्हणजे प्रकाशालाच जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला २०० च्या आसपास. कळ दाबणं आणि अक्षर दिसणं यांत १०० मिलिसेकंदांच्या आत काम झालं तर मनाला ते 'लगेच' वाटतं. त्यापुढे हात आणि डोळा यांची जोडी तुटू लागते. सेवा घेताना 'रीजन' नावाचा रकाना येतो, म्हणजे सर्व्हर कुठल्या भागातला हवा ते. तो न बघता पुढे गेलात आणि तुमचा संगणक दुसऱ्या खंडात तयार झाला, तर महागड्या फायबरवरही तो रेंगाळतच चालणार. अॅमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, गुगलचं २०१७ पासून, मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं त्याही आधीपासून. जवळचंच निवडायचं.

दूरचा संगणक वापरणं मुंबईला तसं नवं नाही. १९६४ मध्ये कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि बाहेरच्या संस्थांचे संशोधकही भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन तिथे येत. तेव्हा उत्तराची वाट तासांत मोजत.

मराठीत टायपिंग करणाऱ्याला पडद्याचा हा उशीर इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त छळतो. 'प्रतिज्ञापत्र' हा शब्द घ्या. डोळ्याला पाच अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती १३ चिन्हं आहेत. नुसत्या 'ज्ञा'मध्येच ज, हलन्त, ञ आणि काना अशी चार. चूक सुधारायला बॅकस्पेस दाबला की बहुतेक ठिकाणी एकेक चिन्ह मागे जातं. पडदा २०० मिलिसेकंद मागे असेल, तर अक्षर अजून दिसतंय म्हणून आपण आणखी दोनदा दाबतो आणि मागचं चांगलं अक्षरही जातं.

दुसरी अडचण याहून गमतशीर वाटते, पण तिचं कारण साधं आहे. रोमन अक्षरं मारून मराठी उमटवणारं साधन तुमच्या लॅपटॉपवर असेल आणि मजकूर सर्व्हरवर असेल, तर त्या साधनाला समोर मजकूर दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने खिडकीत नुसतं चित्र आहे. मग रोमन अक्षरंच उमटतात किंवा शब्द अर्धवट राहतो. उपाय असा: मराठीचा कीबोर्ड सर्व्हरवरच्या विंडोजमध्ये बसवा, लॅपटॉपचा कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. इनस्क्रिप्ट, म्हणजे एकेका कळीला थेट मराठी चिन्ह देणारी कीबोर्डची रचना, असेल तर उत्तमच, कारण तिथून नुसता कळीचा क्रमांक जातो आणि त्याचा 'क' करायचं काम सर्व्हर करतो. दोन्हीकडे मराठी चालू ठेवलं की गोंधळ ठरलेला.

आता टोकन. जीएसटी किंवा कंपनी खात्याच्या कामाला लागणारी डिजिटल सही एका यूएसबी टोकनमध्ये असते आणि संगणकाच्या दृष्टीने ते टोकन म्हणजे स्मार्ट कार्ड. माणूस ते ऑफिसच्या संगणकाला खोचून घरी जातो, रात्री रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा समोर आणणाऱ्या सोयीने, आत शिरतो, आणि सहीच्या वेळी सर्टिफिकेट सापडत नाही. टोकन बिघडलेलं नसतं. रिमोट सेशनमध्ये विंडोज दूरच्या यंत्राला खोचलेली स्मार्ट कार्डं दाखवत नाही, तुमच्या समोरच्या यंत्राची दाखवतं. तेव्हा टोकन हातातल्या लॅपटॉपला खोचा. रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडून 'लोकल रिसोर्सेस'मध्ये 'मोअर' दाबा आणि 'स्मार्ट कार्ड्स'वर खूण करा. टोकनचा ड्रायव्हर क्लाउडवरच्या विंडोजमध्ये आधी बसवलेला हवा. सही करणारा छोटा प्रोग्रॅमही तिथेच, कारण ब्राउझर त्याला आपल्याच यंत्रावर शोधतो. एवढं केलं की सही होते. मात्र ही वाट विंडोजच्या क्लाउड पीसीची. टीव्हीच्या बॉक्सवरून किंवा नुसत्या ब्राउझरमधून टोकन पुढे जाईल असं गृहीत धरू नका, आधी करून बघा.

डॉट मॅट्रिक्सचंही तसंच. तो मुळात अक्षरांचा प्रिंटर. दूरच्या सेशनमधून सर्वसाधारण ड्रायव्हरने छापलं की बिल चित्र होऊन येतं आणि जे पान काही सेकंदांत निघायचं ते प्रिंटर ठिपका-ठिपका करत मिनिटभर काढतो. काउंटरवर गिऱ्हाइकांची रांग असेल तर हा फरक दुकानदाराला परवडणारा नाही.

लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणाऱ्यांनी तर फार विचारच करू नये. ६४ जीबीचं कार्ड २० मेगाबिटच्या अपलोडने वर चढवायला सात तास लागतात. टेबलावरच्या कार्ड रीडरने तेच काम बारा-पंधरा मिनिटांत होतं.

इंटरनेट 'चांगलं' असूनही क्लाउडचा पडदा मध्येच गोठतो, यामागे बहुतेकदा घरातलाच राउटर असतो. समजा अपलोड २० मेगाबिट आहे आणि घरातल्या कोणाच्या तरी फोनने सहलीचे फोटो वर चढवायला सुरुवात केली. राउटर जादा माल आपल्या साठ्यात रांगेला लावतो. साठा १ मेगाबाइटचा असेल, तर रांग रिकामी व्हायला ४०० मिलिसेकंद. तुमची दाबलेली कळ त्या रांगेच्या शेवटी उभी. स्पीड टेस्ट मात्र पूर्ण आकडा दाखवते. राउटरमध्ये ही रांग आवरणारी एसक्यूएम नावाची सोय असेल तर ती चालू करा आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे इथे १८ मेगाबिटवर बांधा. डेटाची लहान पाकिटं मग मोठ्यांच्या मधून पुढे सरकतात. दुसरं, वायफाय. इमारतीत वीस-पंचवीस जाळी दिसत असतात आणि २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. कामाच्या टेबलापर्यंत वायर ओढा. ते जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्‌झवर जा.

निर्णयाआधी एक परीक्षा घ्यावी. रात्री नऊच्या सुमारास, सगळी सोसायटी काही ना काही बघत असते तेव्हा, ज्या रीजनमध्ये संगणक घेणार त्यातल्या एखाद्या सर्व्हरला दहा मिनिटं सतत पिंग करा, म्हणजे छोटं पाकीट पाठवून ते परत यायला किती वेळ लागतो ते मोजा, आणि त्याच वेळी एक मोठी फाइल अपलोडला लावा. सरासरी बघू नका, सगळ्यात वाईट आकडा बघा. तो १०० मिलिसेकंदांच्या आत आणि एकही पाकीट हरवलं नाही, तर लाइन कामाची. वाईट आकडा ३०० च्या पुढे जात असेल, तर आधी राउटर सुधारा, मग क्लाउडचं बघा.

विजेचा हिशेब क्लाउडच्या बाजूने झुकतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईचा वीजपुरवठा ठप्प झाला, तेव्हा टेबलावरच्या संगणकांना यूपीएसने फार तर दहा-पंधरा मिनिटं तारलं. क्लाउडवरच्या संगणकाला तुमच्याकडची वीज गेल्याचं कळतही नाही. उघडी फाइल जिथल्या तिथे राहते, लाइन आली की तिथूनच पुढे. लॅपटॉपची बॅटरी असतेच, राउटर आणि फायबरचा डबा मिळून दहा-पंधरा वॅटच खातात आणि लहान मिनी-यूपीएसवर दोन-तीन तास निघतात. पण एक गोष्ट आधी विचारून घ्या. तुमच्या इमारतीत लाइन कशी येते? शुद्ध फायबर असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला, म्हणजे एका तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला, वीज लागत नाही. स्थानिक केबलवाल्याचा स्विच गच्चीवर किंवा जिन्यात असेल आणि त्याला बॅटरी नसेल, तर इमारतीची वीज गेली की घरातला मिनी-यूपीएस निरुपयोगी. पावसाचंही तेच गणित. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेल्या सीपीयूचं काय झालं असेल ते सांगायला नको. बॅकअपची सवय नसलेल्या ऑफिससाठी हे एकच कारण क्लाउडकडे वळायला पुरेसं आहे.

पैशाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. समजा क्लाउड पीसीचं भाडं महिना २,००० रुपये. पाच वर्षांत १ लाख २० हजार. तेवढ्या काळासाठी ४५,००० चा चांगला डेस्कटॉप येतो. डेस्कटॉपऐवजी समोर क्लाउडला जोडणारा नुसता छोटा डबा ठेवला तर ८० वॅट वाचतात. रोज आठ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर १९२ युनिट, म्हणजे १२ रुपये दराने वर्षाला २,३०० च. एकट्या माणसाला हे जमत नाही. जमतं ते चाळीस-पन्नास माणसांच्या ऑफिसला, कारण प्रत्येकाचा प्रोसेसर दिवसातला बहुतेक वेळ रिकामा असतो आणि हलकं काम करणारे सहाजण एका आभासी प्रोसेसरवर बसू शकतात. त्यातही फसतं ते सकाळी. लोकल उशिरा आली की अर्धं ऑफिस एकदम पोचतं, चाळीस जणांची क्लाउडवरची यंत्रं एकाच पाच मिनिटांत सुरू होतात आणि सर्व्हरची डिस्क गुदमरते. याला 'बूट स्टॉर्म' म्हणतात. यंत्रं साडेनऊलाच आपोआप सुरू होतील असं वेळापत्रक लावलं की बराच ताण कमी होतो.

किल्ली कोणाच्या हातात, हाही प्रश्न आहे आणि तो पैशापेक्षा मोठा आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर रोखल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या, पण तोवर एवढ्या मोठ्या कंपनीची माणसं स्वतःच्याच ईमेलपासून तुटली होती. लहान ऑफिसकडे वकिलांची फौज नसते. दर शनिवारी हिशेबाची पूर्ण प्रत आपल्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर उतरवून घेणं, आणि महिन्यातून एकदा ती डिस्क दुसऱ्या यंत्रावर उघडून बघणं, एवढं तरी करायलाच हवं.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेली, विंडोज ११ न घेणारी लाखो यंत्रं ऑफिसांत पडून आहेत. ती भंगारात घालण्याआधी त्यांवर हलकी लिनक्स आणि रेमिना हा रिमोट डेस्कटॉपचा प्रोग्रॅम टाकून बघा. ४ जीबी मेमरी पुरते. प्रोसेसरला एच.२६४ या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ स्वतःच उलगडता येत असला की पडदा सफाईने हलतो.

सुरुवात करताना सगळं ऑफिस एकदम हलवू नका. ज्या टेबलामागे सगळ्यात कमी वायरी आहेत ते निवडा, बहुधा ते ईमेल आणि एक्सेलवाल्याचं असेल. त्याला महिनाभर क्लाउडवर बसवा आणि त्याचा जुना सीपीयू हलवू नका. महिन्यात जीएसटी भरण्याची तारीख आलीच पाहिजे, कारण त्या दिवशी लाइन, पोर्टल आणि टोकन तिन्हींवर एकदम भार येतो. तो दिवस नीट पार पडला तर पुढचं टेबल घ्या. डिजिटल सही आणि डॉट मॅट्रिक्ससाठी कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप ठेवा, त्याच्या यूपीएसची बॅटरी बदलून.