हलक्या हाताची भूमिती

डायलिसिस युनिटमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "त्या सिस्टर आल्यात का? त्यांचा हात हलका आहे." पेशंटचं खरंच आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी दोन सुया. वर्षाला तीनशेच्या वर टोचण्या. सुईही साधी नाही, दीड मिलिमीटरहून जाड. पण हातगुण जन्मजात असतो, हे मला मुळीच पटत नाही. तो शिकवता येतो.

१९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेसिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी मनगटाजवळची धमनी शिरेला जोडायची रीत प्रसिद्ध केली. हाच फिस्टुला. धमनीच्या दाबाने शीर फुगते, बोट ठेवलं की थरथर लागते. डायलिसिसच्या सुया याच शिरेत टोचतात. (त्या हाताला गंडादोरा आवळून बांधू नका. रक्ताची वाट दबली तर फिस्टुलाच बंद पडू शकतो.) शीर खोल असली तर बोटांना नीट लागत नाही. सुई मागच्या भिंतीतून आरपार गेली, की रक्त झिरपून हात काळानिळा पडतो.

म्हणून सोनोग्राफी. पण पडद्यावर शीर दिसली म्हणजे काम झालं, असं नाही. प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा त्वचेवर टेकवायचा भाग, शिरेला आडवा धरला, तर दिसते ती काकडीच्या चकतीसारखी एक पातळ काप. तिला छेदणारी सुई म्हणजे नुसता पांढरा ठिपका. तो ठिपका सुईचं टोक आहे की मधला दांडा? चित्र दोन्हींचं सारखंच! समजा शीर ६ मिलिमीटर रुंद आहे, ठिपका बरोब्बर मध्यावर आहे आणि सुई ३० अंशांत तिरकी आहे. सुईची ६ मिलिमीटर लांबी कापेच्या पुढे गेलेली असेल, तर टोक ठिपक्याच्या ३ मिलिमीटर खाली असणार, म्हणजे थेट मागच्या भिंतीवर. पडद्यावर मात्र सगळं आलबेल.

यावर उपाय सुंदर आहे. प्रोब किंचित पुढे सरकवायचा, ठिपका नाहीसा होईपर्यंत. मग सुई पुढे, ठिपका पुन्हा उगवेपर्यंत. आता दिसतंय ते टोकच. पुन्हा प्रोब, पुन्हा सुई.

एका हाताने प्रोब, दुसऱ्याने सुई आणि नजर पडद्यावर, हा मेळ पेशंटच्या दंडावर का शिकायचा? जिलेटिनच्या ठोकळ्यात लाल पाणी भरलेली रबरी नळी पुरली, की सराव सुरू. जिलेटिनमध्ये थोडं ईसबगोल मिसळलं, तर पडद्यावर मांसासारखा करडा रवाळपणाही येतो. सुई हुकली तर कुणी कळवळत नाही. टोचून टोचून ठोकळ्याची चाळण झाली, की तो वितळवायचा आणि पुन्हा ओतायचा.