दीडशे टनांची झडप आणि बादलीभर पाणी

'फ्रॅकिंग', म्हणजे तेल-वायू काढण्यासाठी जमिनीखालचा खडक फोडणं, म्हटलं की बहुतेकांना जमिनीखाली सुरुंग लावल्याचं चित्र दिसतं. खरं तर खडक फोडतो तो द्रवाचा दाब. अमेरिकेत ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये 1949 साली या तंत्राचा व्यावसायिक वापर सुरू झाला, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. विहिरीत इतक्या दाबाने द्रव ढकलायचा की खडकाला तडे जातील, आणि तड्यांत वाळू भरायची, म्हणजे दाब काढल्यावर ते मिटणार नाहीत. दारूगोळा लागतो तो विहिरीच्या पोलादी नळीला भोकं पाडण्यापुरता.

टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यात आज एकाच जागेवर चार-सहा विहिरी शेजारीशेजारी असतात. प्रत्येक विहीर दोन-तीन किलोमीटर खाली जाऊन आडवी वळते आणि पुन्हा तेवढीच, कधी जास्तच, पुढे जाते. हा आडवा भाग टोकापासून अलीकडे, टप्प्याटप्प्याने फोडतात. प्रत्येक टप्प्याआधी आधीचा भाग बंद करणारा प्लग आणि भोकं पाडणारी 'गन' तारेला लावून खाली न्यावी लागते. ती तार वर आल्याशिवाय त्या विहिरीला पंप लावता येत नाही. म्हणून एक विहीर तारेवर, दुसरी पंपावर, आणि टप्पा संपला की अदलाबदल. चेनचे दात आलटूनपालटून अडकत जातात तसं, म्हणून नाव 'झिपर फ्रॅक'.

वेळ जातो तो या अदलाबदलीत. चार विहिरी, प्रत्येकी 40 टप्पे धरा. 160 टप्पे झाले. प्रत्येक टप्प्यामागे 20 मिनिटं गेली तर 53 तास होतात. दोन-अडीच हजार अश्वशक्तीचे अठरा-वीस पंप सव्वादोन दिवस नुसते घरघरत उभे!

मग विहिरीच्या तोंडावरची झडप पटकन उघडा की, असं कुणीही म्हणेल. पण ही झडप घरातल्या नळासारखी नाही. या 'गेट व्हॉल्व्ह' प्रकारच्या झडपेत मधोमध भोक असलेली पोलादी पाटी सरकते. भोक नळीच्या रेषेत आलं की वाट मोकळी. झडपेतल्या नळीचा व्यास 18 सेंटिमीटर धरा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 254 चौरस सेंटिमीटर. एका बाजूला दर चौरस सेंटिमीटरला 600 किलोचा दाब आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं असेल तर पाटीवर दीडशे टनांचा भार येतो. घर्षण त्याचा दहावा हिस्सा धरलं तरी पाटी हलवायला 15 टनांचा जोर हवा. हायड्रॉलिक सिलिंडर तो लावेलही. पण पाटी आणि तिची बैठक पोलादावर पोलाद घासत जाणार, मध्ये वाळूचे कण. त्यातून झडप जेमतेम किलकिली झाली की त्या चंद्रकोरीएवढ्या फटीतून वाळूमिश्रित पाण्याचा जो झोत सुटतो, तो पोलाद कापतो. झडपेच्या पोटात सतत ग्रीस भरत राहतात ते याच वाळूला शिरायला जागा राहू नये म्हणून.

तेव्हा झडप उघडण्याआधी दोन्हीकडचा दाब सारखा करायचा, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतं ते हेच. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, हे आपण शाळेत शिकतो. 'जवळजवळ' म्हणजे किती? 600 किलोच्या दाबाला साधारण अडीच टक्के. बंद झडपेपलीकडच्या नळ्यांत 500 लिटर पाणी असेल, तर ते शून्यावरून त्या दाबाला न्यायला आणखी बारा-तेरा लिटर पुरतात. एक बादली! एका बारीक नळीतून ती बादली आत सोडली की दीडशे टन गायब होतात आणि पाटी लोण्यातून सुरी फिरावी तशी सरकते. अट एकच, नळीत हवा अडकलेली नको. हवा शेकडो पटींनी आक्रसते, मग बादलीचा हिशेब कोलमडतो.

बादली ओतायला काही सेकंद लागतात. मग 20 मिनिटं कशात जातात? चालण्यात आणि विचारण्यात. पूर्वी माणूस झडपेपाशी जाऊन चाक फिरवायचा, दुसरा वायरलेसवर खात्री करायचा. ती खात्री फालतू नव्हती. तार विहिरीत असताना चुकून झडप मिटली तर पाटी तार कापते आणि गन खालीच राहते. ती काढण्यात मग दिवस जातात. आता झडपा दुरून हलवतात, आणि तार बाहेर आल्याची नोंद झाल्याशिवाय ती झडप हुकूमच घेत नाही, अशी कुलूपबंदी असते. वाचलेली मिनिटं बहुतांशी इथली आहेत. तेलधंद्याला चमत्काराची हौस जुनीच. एकेकाळी 'डूडलबग' नावाच्या पेट्या घेऊन तेल हुंगणारे फिरायचे, आता माहितीपत्रकं एआयच्या जोरावर 'शून्य खोळंबा' देतात.

पुढची पायरी म्हणजे पंप न थांबवताच विहीर बदलणं. टप्प्याच्या शेवटी वाळू बंद करून स्वच्छ पाणी सोडतात, प्रवाह कमी करतात, पुढच्या विहिरीची झडप आधी उघडतात आणि मगच मागची मिटवतात. प्रवाह कमी झाला की नळीतलं घर्षण घटतं आणि पंपाकडचा दाब आपोआप उतरतो, त्यामुळे दाब सारखा करायचं निम्मं काम तिथेच होतं. शिवाय धक्का टळतो. मिनिटाला 16,000 लिटर पाणी विहिरीच्या 12 सेंटिमीटरच्या नळीतून सेकंदाला सुमारे 24 मीटर वेगाने धावतं. ते एकदम अडवलं, तर घनता गुणिले ध्वनीचा वेग गुणिले पाण्याचा वेग, या सूत्राने दाबात तीनशेहून अधिक वातावरणांचा (एक वातावरण म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो) फरक पडतो. हाच 'वॉटर हॅमर'. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर त्याचा अभ्यास केला होता.

पण हा धक्का अगदीच निरुपयोगी नाही. पाच किलोमीटर लांब विहिरीत ती लाट तळाला जाऊन सुमारे सात सेकंदांत परत येते, आणि दाबाच्या आलेखावर तिचे हेलकावे कसे विरतात त्यावरून पाणी नेमकं कुठे शिरलं याचा अंदाज अभियंते बांधतात. झडप हळू मिटवली की हे हेलकावे पुसट होतात.