ताजे अंडे, ताजी अंडी: इटालियनमध्ये नपुंसकलिंग गेले कुठे?

मराठी माणूस इटालियन शिकायला बसला की पहिल्याच आठवड्यात त्याला हायसे वाटते. लिंगे दोनच, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. तिसऱ्याची भानगड नाही. पण पहिली फसगत इथेच होते. मराठीत जे जे 'ते' आहे, म्हणजे ते पुस्तक, ते घर, ते दूध, ते पाणी, त्या सगळ्याला इटालियनमध्ये दोनपैकी एका घरात जावे लागते, आणि कोण कुठे गेले याचा अंदाज मराठीवरून बांधता येत नाही. पुस्तक (लिब्रो) आणि दूध (लात्ते) पुल्लिंगी, तर घर (कासा) आणि पाणी (आक्वा) स्त्रीलिंगी. जिथे आपल्याकडे नपुंसकलिंगाचा प्रश्नच नाही तिथेही मेळ बसतो असे नाही. चंद्र आपला 'तो', तिकडे लूना 'ती'. साखर आपली 'ती', तिकडे त्सुक्केरो 'तो'.

तेव्हा मराठीतली यादी सोबत न्यायची नाही. न्यायची ती मराठीची सवय. १९५८ साली चार्ल्स हॉकेट या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने लिंगाची जी व्याख्या दिली तिचा आशय असा: लिंग म्हणजे नामांचे असे वर्ग, जे शेजारच्या शब्दांच्या वागण्यात दिसतात. 'पुस्तक' हा शब्द कितीही निरखून पाहिला तरी त्यात नपुंसकलिंग सापडत नाही. ते सापडते 'जुने' आणि 'फाटले' या शेजाऱ्यांत. फक्त इंग्रजी येणाऱ्याला ही कल्पनाच मुळापासून समजून घ्यावी लागते. मराठी मुलाला ती तिसऱ्या वर्षी येत असते.

शेवटच्या स्वरापासून सुरुवात करू. एकवचनात -ओने संपणारे नाम बहुधा पुल्लिंगी असते आणि त्याचे अनेकवचन -ईने होते: लिब्रो, लिब्री. -आने संपणारे बहुधा स्त्रीलिंगी, अनेकवचन -एने: कासा, कासे. तिसरा गट -एने संपणाऱ्यांचा, आणि घोळ होतो तो यातच. पाद्रे (वडील) आणि माद्रे (आई) सोपे आहेत, पण सोले (सूर्य), मारे (समुद्र), साले (मीठ), पाने (पाव) हे पुल्लिंगी आणि नोत्ते (रात्र), नेव्हे (बर्फ), क्याव्हे (किल्ली), कार्ने (मांस) हे स्त्रीलिंगी, असे का, याला नवशिक्याच्या कामाचे उत्तर नाही. लॅटिनमध्ये त्यांची जी लिंगे होती त्यांतून हे आले. दोन्ही लिंगांत अनेकवचन एकच, -ईचे: सोली, नोत्ती.

या गटातही काही शेपट्या भरवशाच्या आहेत. -त्सियोने आणि -सियोने वाले शब्द स्त्रीलिंगी: स्तात्सियोने (स्टेशन), लेत्सियोने (धडा), तेलेव्हिझियोने. इंग्रजीतून आलेला 'शन'वाला शब्द दिसला की तिकडे बहुधा ही शेपटी आणि स्त्रीलिंग. -ओरे वाले जवळपास सगळे पुल्लिंगी: फियोरे (फूल), कोलोरे (रंग), दोलोरे (दुःख). -त्रीचे वाले स्त्रीलिंगी, मग ती आत्त्रीचे (अभिनेत्री) असो की लाव्हात्रीचे (कपडे धुण्याचे यंत्र). या गटाबाहेरचे, शेवटच्या स्वरावर आघात असलेले -ता वाले शब्दही स्त्रीलिंगी आणि अनेकवचनातही जसेच्या तसे: चित्ता म्हणजे शहर (आपल्या चित्त्याशी संबंध नाही), उनिवेर्सिता म्हणजे विद्यापीठ. एवढ्या चार शेपट्या पाठ केल्या तरी निम्मी धास्ती जाते.

नामासोबत येणारे उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखे) लिंग सांगते. पुल्लिंगी एकवचनात 'इल', अनेकवचनात 'ई'. स्त्रीलिंगी 'ला' आणि 'ले'. मात्र पुल्लिंगी शब्दाच्या सुरुवातीला स् आणि आणखी एक व्यंजन असेल, किंवा त्स, न्य, प्स असे काही असेल, तर 'लो' आणि अनेकवचनात 'ल्यी': लो स्तुदेन्ते (विद्यार्थी), लो त्सुक्केरो. हा निव्वळ उच्चाराच्या सोयीचा मामला आहे, लिंगाचा नव्हे. उपपद बघते फक्त लगेच पुढच्या शब्दाकडे. म्हणून 'लो स्तुदेन्ते', पण मध्ये 'नवा' आला की 'इल नुओव्हो स्तुदेन्ते'. नवशिके इथे हमखास 'लो नुओव्हो' म्हणतात.

दुसरा सापळा स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांचा. त्यांच्यापुढे 'लो' आणि 'ला' दोघांचाही 'ल' तेवढा उरतो आणि लिंग झाकले जाते: लाक्वा (पाणी), लार्ते (कला), लोल्यो (तेल), लेस्ताते (उन्हाळा). 'एक' लावूनही ऐकणाऱ्याला उलगडा होत नाही. उन आमीको (मित्र) आणि उन आमीका (मैत्रीण) यांत 'उन' सारखेच ऐकू येते. लिहिताना स्त्रीलिंगी 'उन'नंतर वर स्वल्पविराम येतो, एवढाच फरक. म्हणून वहीत असा शब्द एकटा टिपू नये, बदलणाऱ्या विशेषणासह टिपावा: आक्वा फ्रेद्दा (थंड पाणी), आर्ते मोदेर्ना, ओल्यो नुओव्हो. विशेषण -ओ/-आ गटातलेच हवे. 'ग्रान्दे' (मोठा) लावलात तर दोन्ही लिंगांत तेच रूप, म्हणजे टिपणे वाया.

रंगांची एक गंमत इथेच सांगायला हवी. मराठीत 'लाल' कधी बदलत नाही आणि 'हिरवा-हिरवी-हिरवे' बदलते. इटालियनमध्ये बरोबर उलटे. लाल म्हणजे रोस्सो, रोस्सा, रोस्सी, रोस्से अशी चार रूपे. हिरवा मात्र व्हेर्दे, अनेकवचनात व्हेर्दी, लिंग कुठलेही असो. गुलाबी (रोझा) आणि निळा (ब्लू) तर अजिबात हलत नाहीत.

आता अंड्यांकडे. ताजे अंडे म्हणजे उओव्हो फ्रेस्को. शेवटी -ओ आहे, पुल्लिंगी आहे, ठीक. ताजी अंडी म्हणजे 'ले उओव्हा फ्रेस्के'. उपपद स्त्रीलिंगी, विशेषण स्त्रीलिंगी, आणि नाम अनेकवचनात असून शेवटी -आ. एक अंडे 'तो', दोन अंडी 'त्या'. पाठ्यपुस्तके याला अपवाद म्हणून पुढे जातात, पण नपुंसकलिंग कुठे गेले याचे उत्तर नेमके इथे आहे.

लॅटिनला संस्कृतसारखी तीन लिंगे होती. बोलण्यातून शब्दाच्या अखेरचा 'म' झिजला, -उस आणि -उम या दोन्ही प्रत्ययांचा -ओ झाला, आणि पुल्लिंगी-नपुंसकलिंगी एकवचनातला फरक कानाला कळेनासा झाला. नपुंसकलिंगी 'व्हीनुम' (वाइन) मुकाट्याने पुल्लिंगी 'व्हीनो' झाली. हिंदीतही नपुंसकलिंग असेच बहुतांशी पुल्लिंगात विरले. मराठी, कोकणी, गुजराती यांनी ते राखले. पण लॅटिनच्या नपुंसकलिंगाचे अनेकवचन -आने होत असे: ओव्हुम, ओव्हा. आणि -आ तर स्त्रीलिंगी एकवचनाचीही खूण. 'ओव्हा' ऐकणाऱ्याला तो शब्द स्त्रीलिंगी वाटू लागला आणि सोबतच्या शब्दांनी स्त्रीलिंगी रूपे घेतली.

हे विचित्र वाटत असेल तर मराठीत बघा. 'ताजी भाजी' हे स्त्रीलिंगी एकवचन, 'ताजी अंडी' हे नपुंसकलिंगी अनेकवचन, आणि विशेषण दोन्हीकडे 'ताजी'. सर्वनामही दोन्हीकडे 'ती'. भाजी अनेक झाली की 'त्या ताज्या भाज्या' म्हणून वेगळी होते, अंडी मात्र 'ती' राहतात. नपुंसकलिंगाचे अनेकवचन आणि स्त्रीलिंगाचे एकवचन सारखे दिसणे ही लॅटिनमधली स्थिती आपल्या तोंडात, वेगळ्या वाटेने का होईना, रोज आहे. आपण गोंधळत नाही, कारण एकवचनातले 'ते ताजे अंडे' अजून शाबूत आहे. इटालियनमध्ये तो आधार गेला.

असे शब्द थोडे आहेत, पण रोजचे आहेत, आणि बहुतेक जोडीने किंवा घाऊक मोजायच्या गोष्टींचे. ब्राच्चो-ब्राच्चा (हात, बाहू), दीतो-दीता (बोट), जिनोक्क्यो-जिनोक्क्या (गुडघा), लाब्ब्रो-लाब्ब्रा (ओठ), पाइयो-पाइया (जोडी). काहींना दोन अनेकवचने आहेत आणि अर्थ वेगळे. माणसाचे हात 'ले ब्राच्चा', पण क्रेनचे हात 'ई ब्राच्ची'. खोलीच्या भिंती 'ई मूरी', शहराचा तट 'ले मूरा'. तोस्काना प्रांतातल्या लुक्का गावाभोवतीचा सुमारे ४ किलोमीटरचा तट म्हणजे ले मूरा. कुत्र्यापुढे टाकलेली हाडे 'ल्यी ओस्सी', शरीराचा सांगाडा 'ले ओस्सा'. सुटे सुटे मोजले की पुल्लिंगी, एकत्र संच म्हणून पाहिले की जुने -आ. काही ठिकाणी तर तो -आ पूर्णपणे एकवचनी स्त्रीलिंग होऊन बसला: लेन्यो म्हणजे लाकूड, लेन्या म्हणजे सरपण.

-आने संपूनही पुल्लिंगी असलेल्या शब्दांमागेही नपुंसकलिंगच आहे, फक्त ग्रीक. प्रोब्लेमा, सिस्तेमा, प्रोग्राम्मा, क्लीमा (हवामान), तेमा (विषय) हे ग्रीकमधले -मा वाले नपुंसकलिंगी शब्द. ते पुल्लिंगी झाले आणि अनेकवचन -ईचे घेतात: इल प्रोब्लेमा, ई प्रोब्लेमी. ओळखायची युक्ती अशी: इंग्रजीतून आपल्याला ठाऊक असलेला प्रॉब्लेम, सिस्टिम, प्रोग्रॅम यांना -आ लागलेला दिसला तर पुल्लिंग धरावे. फोर्मा (आकार) ही युक्ती मोडतो, कारण तो शब्द लॅटिनचा. फीर्मा (सही) आणि माम्मा (आई) या तर सरळ स्त्रीलिंगी.

उलट बाजूला -ओने संपणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दांत मानो (हात) खरा जुना, लॅटिनमध्येच स्त्रीलिंगी: ला मानो देस्त्रा, उजवा हात. बाकीचे बहुतेक तोडलेले शब्द आहेत. फोतो हा फोतोग्राफीयाचा तुकडा, मोतो हा मोतोचिक्लेत्ताचा. मूळ शब्द स्त्रीलिंगी, म्हणून तुकडाही, आणि अनेकवचनात बदल नाही: ले फोतो, ले मोतो. चीनेमा मात्र पुल्लिंगी, कारण तो चीनेमातोग्राफोचा तुकडा. औतो (मोटारगाडी) स्त्रीलिंगी आहे, पण सुरुवातीला 'औतोमोबिले'च्या लिंगाबद्दल एकमत नव्हते. १९२० साली कवी गाब्रिएले दान्नुन्त्सियो याने फियाट या मोटार कंपनीच्या ज्योव्हान्नी आन्येल्लीला लिहिलेल्या पत्रात ती स्त्रीलिंगीच असा कौल दिला. आज 'ला फेर्रारी' म्हणतात ते याच लिंगाने.

मराठी माणसाचा खरा फायदा क्रियापदात आहे. 'मार्को ए आन्दातो, मारिया ए आन्दाता': मार्को गेला, मारिया गेली. 'सोनो स्तान्को, सोनो स्तान्का': मी दमलो, मी दमले. हे समजावायला इंग्रजी माध्यमातली पुस्तके पानेच्या पाने घेतात, ती खुशाल उलटावीत. पण पुढच्याच वळणावर मराठी दगा देते. 'मी कविता वाचली' यात आपले क्रियापद कर्मामागे जाते, म्हणून आपण 'ओ लेत्ता ला पोएझीया' म्हणून बसतो. आजची प्रमाण इटालियन म्हणते 'ओ लेत्तो ला पोएझीया', नाम काहीही असो. मात्र 'ती मी वाचली' म्हणायचे असेल, म्हणजे 'ती' हे सर्वनाम क्रियापदाच्या आधी येत असेल, तर 'लो लेत्ता' (हा 'लो' उपपद नव्हे, 'ला' म्हणजे 'ती' आणि 'ओ' यांची संधी). तिथे मराठी पुन्हा कामाला येते.

दुसरी चूक मालकीची. 'सूआ' ऐकले की 'तिची' असा अर्थ लावायचा मोह होतो. ला सूआ माक्कीना म्हणजे त्याची गाडीसुद्धा आणि तिची गाडीसुद्धा. सूओ किंवा सूआ ठरते वस्तूवरून. आपण 'त्याची' आणि 'तिची' म्हणताना मालक आणि वस्तू दोघांचीही लिंगे सांगतो, इटालियन फक्त वस्तूचे सांगते.

माणसांच्या बाबतीत शब्दाचे लिंग आणि माणसाचे लिंग जुळतेच असे नाही, पण 'व्यक्ती' हा शब्द पुरुषालाही लावणाऱ्यांना हे सांगायला नको. ला पेर्सोना, ला व्हीत्तिमा (बळी), ला स्पीया (हेर) पुरुषांनाही स्त्रीलिंगीच. -ईस्ता वाले शब्द दोन्हीकडे चालतात: इल तुरीस्ता, ला तुरीस्ता. वाद होतो तो पदांवरून. २०२२ साली जॉर्जा मेलोनी इटलीच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांच्या कार्यालयाने 'इल प्रेसिदेन्ते' (अध्यक्ष, तिकडे पंतप्रधानपदाचे नाव यावरूनच आहे) असे पुल्लिंगी रूप वापरले आणि त्यावर बरीच चर्चा झाली. व्याकरणाला 'ला प्रेसिदेन्ते' अगदी मंजूर आहे.

झाड आणि फळ ही जोडी लक्षात ठेवायला सोपी. झाड पुल्लिंगी, फळ स्त्रीलिंगी: मेलो-मेला (सफरचंद), पेरो-पेरा (नासपती). फीको (अंजीर) आणि लिमोने मात्र झाडही पुल्लिंगी, फळही. आकाराचा संकेत कधी कधी आपल्या उलट. डबा मोठा, डबी लहान ही आपली रीत. तिकडे बूको म्हणजे भोक आणि बूका म्हणजे रस्त्यातला खड्डा.

भाषांची नावे इटालियनमध्ये पुल्लिंगी असतात. त्यामुळे मायमराठीसुद्धा तिथे 'इल मराठी' होते. तिला स्त्रीलिंगी ठेवायचे असेल तर आधी 'भाषा' हा शब्द जोडून 'ला लिंग्वा मराठी' म्हणावे लागते.