‘इंडियन’च्या पाटीमागचं सिल्हेट

लग्नानंतर चार महिन्यांनी आम्ही दोघं इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका लहान गावात राहायला गेलो आणि पहिल्याच शुक्रवारी ‘इंडियन’मध्ये जेवायला बसलो. तिकडे हॉटेलचं नाव कुणी घेत नाही, ‘इंडियनला जाऊ’ एवढंच म्हणतात. मेन्यूकार्ड उघडलं आणि दोघंही गप्प. कोर्मा, मद्रास, विंदालू, धनसाक, पाथिया, जालफ्रेझी, फाल आणि शेवटी ‘बॉम्बे आलू’. मी गिरगावात वाढलेली, नवरा मालवणचा. ‘‘तुमच्या गिरगावात करतात का गं हा बॉम्बे आलू?’’ त्याने विचारलं. ‘‘आणि तुमच्या शेजारी गोव्यात विंदालूत बटाटा घालतात का रे?’’ मी म्हटलं. दोघांचंही उत्तर ‘नाही’.

मालक आणि वेटर आपसांत जे बोलत होते ते हिंदी नव्हतं. बंगाली म्हणावं तर तसंही वाटेना. ती सिल्हेटी, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेट भागाची बोली होती, हे पुढे कळलं. विलायतेतल्या ‘इंडियन’ जेवणाची खरी गोष्ट त्या भाषेत घडली आहे. मात्र तिच्याआधी एकदोन साहेबी प्रकरणं आहेत.

लंडनमध्ये भारतीय माणसाने काढलेलं पहिलं ज्ञात हॉटेल १८१० सालचं. पाटण्याचे दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर फिरून आयर्लंडमार्गे लंडनला पोचले आणि पोर्टमन स्क्वेअरजवळ जॉर्ज स्ट्रीटवर त्यांनी ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ उघडलं. बसायला वेताच्या खुर्च्या, ओढायला हुक्का. गिऱ्हाईक ठरलेलं: हिंदुस्थानात पैसा करून परतलेले कंपनीचे साहेब. पण असल्या साहेबांच्या घरी करी रांधायची सोय बहुधा असायचीच, त्यांनी बाहेर का जेवावं? १८१२ साली दीन महंमद यांनी दिवाळं जाहीर केलं. पुढे ब्रायटनला त्यांनी स्नानगृह काढलं आणि अंग रगडून नाव कमावलं. जेवणाने बुडवलेल्या माणसाला मालिशने तारलं.

दुसरं प्रकरण १९२६चं. रीजंट स्ट्रीटवर ‘वीरस्वामी’ उघडलं ते एडवर्ड पामर यांनी. हे जनरल विल्यम पामर आणि त्यांची मुघल बेगम फैज बक्ष यांचे वंशज. मराठी वाचकाला हा जनरल अगदीच परका नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो पुण्याला पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता. १८०० साली नाना फडणीस वारले तेव्हा मराठी राज्यातलं शहाणपण आणि नेमस्तपणा त्यांच्याबरोबर गेला, असं लिहिणारा पामर तो हाच. त्याच्या वंशजाने सव्वाशे वर्षांनी लंडनच्या बड्या लोकांना करीभात वाढला. ‘वीरस्वामी’त पैसेवाले आणि संस्थानिक जात. आमच्या मेन्यूकार्डाशी त्याचा संबंध आहे, पण तो मागच्या दाराने, भांडी घासायच्या मोरीतून.

भारतीय विद्यार्थ्यांची हॉटेलं त्याच्याही आधीपासून होती. २४ ऑक्टोबर १९०९ रोजी बेझवॉटरमधल्या एका भारतीय हॉटेलात दसऱ्याचं जेवण झालं. अध्यक्ष गांधी, वक्ते सावरकर. जेवण शाकाहारी आणि भाषणांत राजकारण नको, अशी गांधींची अट. मग एक रामावर बोलले, दुसरे दुर्गेवर, आणि राजकारण व्हायचं ते झालंच. एकाच पंगतीत हे दोघं बसले, ती जागा म्हणजे परदेशातलं हॉटेल.

आता सिल्हेट. आसामला लागून असलेला सुरमा नदीचा हा सखल मुलूख वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली असतो. इथल्या धाकट्या मुलांना कलकत्त्याच्या गोदीत आगबोटींवर कामं मिळत, कारण भरती करणारे सारंग त्यांच्याच गावचे. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर कोकणी मुसलमान खलाशी आणि गोव्याचे बटलर असत, तसे कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींच्या पोटात सिल्हेटी. काम बॉयलरमध्ये कोळसा लोटण्याचं. त्यांना ‘आगवाले’ म्हणत. गोऱ्या खलाशापेक्षा पगार कितीतरी कमी आणि भट्टीपुढचा उकाडा असा, की लंडनच्या किंवा लिव्हरपूलच्या धक्क्याला बोट लागली की काहीजण उतरत ते परतच येत नसत. पूर्व लंडनमध्ये गाववाल्याची खोली शोधायची आणि हॉटेलात बशा धुवायला लागायचं, ‘वीरस्वामी’सारख्या ठिकाणीसुद्धा. बशा धुता धुता कांदा चिरायचा, कांदा चिरता चिरता गोऱ्या माणसाच्या जिभेला काय चालतं ते बघून ठेवायचं. बोटीवर भट्टी सांभाळणारी ही माणसं स्वयंपाकी म्हणून आली नव्हती, हे ध्यानात ठेवलं की मेन्यूकार्डाचं अर्धं कोडं सुटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाँबने मोडलेले कॅफे आणि मासे-चिप्सची दुकानं स्वस्तात मिळू लागली. साठवलेले आणि गाववाल्यांकडून उसने घेतलेले पैसे घालून सिल्हेटींनी ती घेतली. सुरुवातीला मासे-चिप्सच विकायचे, जोडीला करी आणि भात. खरी मख्खी वेळेत होती. पब रात्री अकराच्या सुमारास बंद होत आणि त्यानंतर गरम जेवण फारसं कुठे मिळत नसे. सिल्हेटी हॉटेल उघडं असायचं. पबमधून आलेला गडी चिप्सवर करीचा रस्सा ओतून घ्यायचा, पुढे चिप्स सुटल्या आणि करी राहिली. जास्तीत जास्त तिखट कोण खातो, या पैजाही याच टेबलांवरच्या. फाल नावाची जहाल भाजी भारतात का सापडत नाही, त्याचं कारण हेच.

१९४७च्या जुलैत सिल्हेटने सार्वमतात पूर्व पाकिस्तानात जायचं ठरवलं. १९७१ साली तिथे बांगलादेश झाला. मालकाचा देश दोनदा बदलला, दारावरची ‘इंडियन’ ही पाटी तशीच राहिली. गिऱ्हाईक तीच शोधत यायचं, मग ती उतरवायची कशाला? ब्रिटनमधल्या दहा इंडियन हॉटेलांतली आठ बांगलादेशींची, असं आजवर सर्रास सांगितलं जात आलं आहे.

स्वयंपाकघरात एकदा डोकावलं तर बाकीचं कोडंही सुटतं. सकाळी भल्या मोठ्या पातेल्यात सालं काढलेले कांदे, थोडं गाजर, भोपळी मिरची, आलं-लसूण, टोमॅटो, तेल आणि मसाले घालून तास न् तास उकळतात, मग सगळं यंत्राने बारीक वाटतात. हा झाला मूळ रस्सा. चिकन आधीच शिजवून ठेवलेलं. संध्याकाळी ऑर्डर आली की लहान तव्यात तेल, लसूण, चमचाभर मिश्र मसाला, दोन पळ्या रस्सा, वर मोठी आच. पाच-सात मिनिटांत भाजी तयार. नारळ आणि साय घातली की कोर्मा, जादा तिखट घातलं की मद्रास, डाळ आणि कधी अननस घातला की धनसाक. एका पातेल्यातून वीस नावं. आपल्याकडे घरोघर याला फसवणूक म्हणतील. दोन माणसांनी शुक्रवारी रात्री शंभर पानं वाढायची असतील तर याला हुशारी म्हणावं, असं माझं मत झालं आहे.

नावं मात्र बिचारी घरापासून फार लांब आली. विंदालू हा पोर्तुगिजांचा, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ दारू किंवा शिरका आणि लसूण. गोव्यात तो डुकराच्या मांसाचा झाला. इंग्लंडमध्ये त्यातल्या ‘आलू’वर कुणीतरी विश्वास ठेवला आणि बटाटा आला. धनसाक पारशांच्या घरी रविवारचं जेवण, आणि मयताचं सुतक फिटताना चौथ्या दिवशीचंही. शुभ दिवशी ते करत नाहीत. आमच्या शेजारच्या टेबलावर एक बाई वाढदिवसाला केकआधी धनसाक खात होत्या. माझ्या आईच्या मजल्यावरच्या पारशीण मावशींना हे मी अजून सांगितलेलं नाही.

चिकन टिक्का मसाल्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की थोडक्यात आटपते. भट्टीतला कोरडा टिक्का, त्यावर गोऱ्या गिऱ्हाइकाला हवा म्हणून ओतलेला रस्सा. ग्लासगोचे लोक तो आपला म्हणतात, इतरांना ते मान्य नाही. २००१ साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी त्याला खरी ब्रिटिश राष्ट्रीय डिश म्हटलं आणि वादाला कायमचं खाद्य मिळालं. ‘बालटी’ हा बर्मिंगहॅमच्या पाकिस्तानी, काश्मिरी हॉटेलवाल्यांचा १९७०च्या दशकातला शोध: पातळ पत्र्याच्या कढईत शिजवायचं आणि त्याच कढईत वाढायचं. पहिल्यांदा ते नाव ऐकून नवऱ्याने ‘‘बादली कशाला?’’ असं खरोखरच विचारलं होतं.

मग आपल्यासारख्यांचं जेवण कुठे होतं? बरंचसं घरांत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, तिथे सणासुदीला पंगती. विदर्भातून दुसरं लग्न होऊन लंडनला गेलेल्या राधाबाई वनारसे नवऱ्याच्या मागे खानावळ चालवून उभ्या राहिल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ‘लंडनच्या आजीबाई’ म्हणून कित्येक मराठी विद्यार्थ्यांचं पोट त्यांनी सांभाळलं. हॉटेलांत शाकाहारी माणसाला खरी जागा मिळाली ती गुजरात्यांमुळे. १९७२ साली ईदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, सुमारे २८ हजार ब्रिटनला आले आणि लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर फरसाण, श्रीखंड दिसू लागलं. वडापावला मात्र २०१० उजाडावं लागलं. नोकरीचं बिनसल्यावर मुंबईच्या दोन मित्रांनी हाउन्स्लोमध्ये ‘श्रीकृष्ण वडापाव’ सुरू केलं. आम्ही दीडशे किलोमीटर गाडी हाकत तिथे गेलो आणि भर थंडीत रस्त्यावर उभं राहून दोन-दोन खाल्ले. आत बसायला जागा होती, पण वडापाव बसून खायचा कसा?

गावातल्या आमच्या ‘इंडियन’मध्ये जाणं सुरूच होतं. तिथल्या जुन्या कार्डाच्या कोपऱ्यात ‘बॉम्बे डक’ छापलेलं होतं आणि त्यावर पेनाने काट मारलेली. म्हणजे आपला सुका बोंबील. पूर्वी इंग्रज तो करीबरोबर कुरकुरीत तळून खायचे. १९९७ साली युरोपियन कमिशनने त्याची आयात थांबवली, कारण मासे मान्यताप्राप्त कारखान्यातूनच यायला हवेत हा नियम, आणि बोंबील तर वलांडीवर उन्हात वाळतो. त्याला परत आणायला रीतसर मोहीम झाली. शेवटी वाळवा उन्हात, पण पॅकिंग मान्यता असलेल्या ठिकाणी करा, अशी तडजोड निघाली. आमच्या मालकाने तो पुन्हा कार्डावर घेतला नाही. ‘‘आता कोण मागतो, दीदी?’’

आठेक महिन्यांनी एका सोमवारी हॉटेलात आम्ही दोघंच होतो. नवऱ्याने विचारलं, ‘‘चाचा, तुम्ही स्वतः काय जेवता?’’ ते जरा लाजले. आतल्या लोकांसाठी वेगळं पातेलं असतं म्हणाले, पण त्याला वास येतो, तुम्हाला चालणार नाही. चालेल म्हटल्यावर एका स्टीलच्या वाटीत घेऊन आले: लालभडक, तेल सुटलेलं, भरपूर कांदा-लसूण, त्यात बोटभर लांबीचे तुकडे. ‘‘शुटकी आहे. लोइट्टा,’’ ते म्हणाले.

नवऱ्याने वाटी नाकाशी नेली. ‘‘अगं, बोंबील!’’

चाचांनी खुर्ची ओढली आणि मालवणात बोंबलात कोकम घालतात की चिंच, हे विचारत बसले.